महाडच्या चायनीजमध्ये गायीचा घास

सकाळी म्हशी पिळल्या, अंघोळ केली, चुलतभावाचा इस्त्रीचा शर्ट अंगात घातला आणि पोरगी बघायला निघालो. शर्ट पोटावर तंग व्हता. आई म्हणाली, श्वास जरा कमी घे. मी कमी घेतला. पण आमचा कोंड (कोंड म्हणजे डोंगरावरली वाडी) डोंगराच्या डोक्यावर, आणि श्वास न घेता डोंगर उतरायची विद्या अजून मला आलेली नाय. खालच्या डांबरी रस्त्याला पोचलो तेव्हा पोटावरली दोन बटणं वाटेत कुठंतरी गेली व्हती.

माझं नाव धोंडू. वय चौतीस. शाळा दुसरीपर्यंत, पण दुसरी दोनदा केली, त्यामुळं पक्की हाय. सहा म्हशी, चार गायी, थोड्या शेळ्या, आणि वरी-नाचणीची शेती. लग्नाच्या गोष्टीत ही यादी सांगितली की पोरीचा बाप शेळ्यांपर्यंत ऐकतो आणि मग म्हणतो, चहा घ्या. आजवर नऊ घरी चहा प्यालोय. नऊही चहा चांगले व्हते. ही दहावी जागा. पण ह्या वेळी निरोप वेगळाच आला व्हता. घरी येऊ नका, महाडला हायवेवर नवीन चायनीज हॉटेल झालंय, तिथं अकराला या. कांदेपोह्याचा कार्यक्रम मला पाठ हाय. चायनीजचा काय असतो ते कोंडात कुणालाच म्हायती नव्हतं.

म्हणून बरोबर बबनमामा. मामा आईचा चुलतभाऊ, पोलादपूरला ऱ्हातो. मुंबईला वीस वर्षं एका हापिसात शिपाई व्हता, त्यामुळं जगात आपल्याला म्हायती नाय अशी गोष्ट नाय असं त्याचं मत हाय. पोलादपूरच्या स्टँडवर त्यानं मला उभ्या उभ्या शिकवणी दिली. तिथं गेल्यावर रोज खातो असं वागायचं. कायबी समोर आलं तरी दचकायचं नाय. कळलं नाय तर नुसती मान हलवायची. आणि वरच्या वाटेचं विचारलं तर तू गप, मी बोलीन. मी तिथंच मान हलवायची प्रॅक्टिस सुरू केली. बाजूची एक बाई सरकून लांब उभी राहिली.

पोलादपूरवरनं महाडला विक्रमनं गेलो. विक्रम म्हणजे सहा माणसांची रिक्षा, आम्ही अकरा व्हतो. माझी एक मांडी आत, एक हवेत. शर्टाकडं बघून समोरच्या आजीनं विचारलं, कुठं निघालास रे नटून? मला खोटं लवकर सुचत नाय, खरं सांगून टाकलं. मग महाड येईपर्यंत सगळी विक्रम माझंच लग्न चर्चेला घेऊन बसली. एक जण म्हणाला, जमीन जास्त सांग. दुसरा म्हणाला, म्हशी कमी सांग, पोरींना शेणाचं भ्या वाटतं. ड्रायव्हरनं मान मागं वळवून सांगितलं की त्याचंही अजून झालेलं नाय, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला पुढं बघायला सांगितलं.

बाहेर डोंगर पिवळे पडले व्हते. भातं कापून झालेली, खाचरात नुसते बुडखे. रस्ता आता एवढा रुंद केलाय की आडवं जायचं तर म्हशीला आधी मनाची तयारी करावी लागते. मधेच सावित्री नदी दिसली, थंडीतली, शांत, दगडांवर धुणं वाळत घातलेलं. बघून मला जरा बरं वाटलं. नदीला कुणी बघायला येत नाय, तिचं बरं हाय.

हॉटेल लांबूनच दिसलं. बाहेर लाल कंदील, आमच्या दिवाळीसारखे पण गोल. भिंतीवर एक भला मोठा साप काढलेला, त्याला पाय आणि मिश्या. दाराशी माणसं नंबर लावून उभी. कारखान्यातले लोक, रायगड बघून आलेले पुण्याचे लोक, पोराबाळांची कुटुंबं. मामा म्हणाला, हॉटेलचा मालक इथलाच, महाडचा. जहाजावर खानसामा व्हता, चिनी लोकांच्या हाताखाली शिकून आलाय. मी मान हलवली. आत गेलो तर काउंटरवर एक सोन्याची मांजर बसलेली, आणि ती मला हात हलवून बोलावत व्हती. मी पण हात हलवला. आपल्याला कुणी केला तर आपण करावा. मामा दाताखाली म्हणाला, हात खाली घे, ती बॅटरीवर हाय.

पोरगी आणि तिचा भाऊ आधीच बसले व्हते. पोरीचं नाव सविता. सव गावची, तिशीची असंल. महाडला बाजारपेठेत तिचं शिवणकामाचं दुकान हाय. भाऊ दत्ता, टेम्पो चालवतो. मी नमस्कार केला तर तिची नजर पयली गेली ती पोटावर, जिथं बटणं नव्हती. तिचा धंदाच तो, तिला दोष कसा देणार. मी हात पोटावर ठेवून बसलो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असंल, ह्याच्या पोटात दुखतंय.

पयला आला चहा. छोट्या कपात, कान नसलेल्या, आणि आत नुसतं पिवळं पाणी. दूध टिपूसभर नाय. आता बघा, बाकी कशातलं मला कळो न कळो, दुधातलं कळतं. मला वाटलं, ह्यांचा दूधवाला आज आला नाय. वाढणाऱ्या बाईंना मी हळूच म्हटलं, ताई, दुधाची अडचण असंल तर सांगा, रोज पोलादपूरला घालतो, महाडलापण पोचवीन. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. दत्ता खोकला. मामानं टेबलाखाली मला लाथ मारली, म्हणजे मारायला गेला, लागली दत्ताला.

खायला काय मागवायचं ते सवितानंच सांगितलं. कागद न बघता. कोळंबीचे डिमसम, पयले तेच आणा, म्हणाली. मामा लगेच म्हणाला, आमच्या धोंडूला पण तेच आवडतात, नेहमीचंच हाय त्याचं. मी मान हलवली.

डिमसम आले ते बांबूच्या टोपलीत. बुरूड विणतात तशी, पण वीतभर, वर झाकण. झाकण काढायचं काम मी अंगावर घेतलं, सराईत माणूस ना मी. काढलं ते माझ्याच तोंडाकडं उघडलं. आतली सगळी वाफ नाकाडोळ्यांत. डिमसमच्या आधी मी उकडलो. वाफ गेल्यावर बघतो तर चार पांढरे, बारीक बारीक कळ्या पाडलेले, गुबगुबीत. पारी एवढी पातळ की आतलं गुलाबी दिसतंय. मी मनात म्हटलं, अरे, हे तर उकडीचे मोदक, नुसते आडवे झोपवलेत. एकदम धीर आला. बाजूला एका वाटीत काळं पातळ काय तरी व्हतं. ती काकवी. आमच्यात घावनावर घालतात, ह्यांच्यात मोदकावर घालत असतील.

आता इथं जी चूक झाली ती सांगतो. आमच्या घरात एक रीत हाय. ताटात कायबी येऊ दे, पयला घास गायीचा. ताटाच्या डाव्या अंगाला काढून ठेवायचा, जेवण झालं की जाऊन गायीला द्यायचा, मग हात धुवायचा. हे मला कुणी सांगावं लागत नाय, हात आपला आपण करतो. तसा तो झाला. एक डिमसम उचलला, डाव्या अंगाला ठेवला. मग दुसरा उचलला, काकवीत चांगला बुडवून तोंडात टाकला.

ती काकवी नव्हती. खाऱ्या समुद्रात मिठाचं पोतं फुटावं तशी व्हती. डोळ्यांतून पाणी आलं. मी मान हलवत म्हटलं, मस्त. मामा म्हणाला, बघा, खाताना डोळे भरून येतात त्याचे, एवढी आवड. तोवर मामानं एक खाल्ला व्हता, दत्तानं एक. टेबल जरा जास्तच गप झालं, म्हणून मी डोळे पुसून बघितलं. सविताच्या हातात दोन काड्या, हवेत धरलेल्या. आणि टोपली रिकामी.

टोपलीत चार, माणसं चार. आणि मी घेतले दोन.

तिनं काड्या खाली ठेवल्या, माझ्या ताटाकडं बघितलं आणि विचारलं, तो का ठेवलाय? मामाची शिकवणी आठवून मी म्हटलं, गरम हाय, निवायला ठेवलाय. तिनं बरं म्हटलं. मग दुसऱ्या टोपल्या येईपर्यंत बोलणी झाली. मामानं माझी जमीन वाढवली, म्हशी कमी केल्या, दुसरीचं शिक्षण सातवीपर्यंत नेलं. मी मान हलवत राहिलो. तेवढ्यात वाढणाऱ्या बाई आल्या आणि रिकामं उचलताना माझं ताटपण उचलायला लागल्या. मी दोन्ही हातांनी ताट धरलं. बाई ओढतायत, मी ओढतोय.

"राहू द्या ताई, तो गायीचा हाय," माझ्या तोंडून गेलं.

मग सांगावंच लागलं. घरची रीत, पयला घास, चांदी नावाची गाय, सगळं. दत्ता ऐकत ऐकत वाकला आणि हसायला लागला. त्याला बोलताच येईना. म्हणाला, अहो धोंडूशेठ, त्यात कोळंबी हाय. गायीला कोळंबी घालणार तुम्ही? बाजूच्या टेबलावरली पुण्याची माणसंपण हसली. मी पण हसलो, दुसरं काय करणार. पण अडचण खरीच व्हती. एकदा गायीचा म्हणून काढला की माणसानं तो खायचा नाय. आणि गाय कोळंबी खात नाय. म्हणजे तो एवढा सुंदर डिमसम जगात कुणाचाच नव्हता. दत्ता म्हणाला, द्या, मी खातो. मी म्हटलं, नाय, तसं चालत नाय. शेवटी वाढणाऱ्या बाईंनी तोड काढली. मागच्या दारी मांजर हाय म्हणाल्या, खरी, हात न हलवणारी. आणि घेऊन गेल्या.

सविता तेवढी हसली नाय. कपातलं पिवळं पाणी बघत म्हणाली, "वरीस झालं, दुकानातून घरी जाताना मी रोज ह्या दारावरनं जाते. रोज बघते, आत त्या टोपल्या उघडतात. दत्ता काय आणत नाय, आणि एकटी येऊन बसले तर गावात चार दिवस तेच चालेल. म्हटलं, स्थळाच्या निमित्तानं तरी खाऊन घेईन. स्थळ नाय जुळलं तरी डिमसम तर झाले. आणि ते तुम्ही गायीला काढलेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ घरांनी मला नाय म्हटलं, पण कुणाच्या तोंडचा घास मी आजवर काढला नव्हता. म्हटलं, माफ करा. मला ह्यातलं कायच म्हायती नाय. हे मी आज पयल्यांदा बघितलं. रोज खातो ते मामा बोलला. ते काळं मला काकवी वाटलं. आणि चहात दूध नाय ते अजून माझ्या डोक्यातून जात नाय. मामानं पुन्हा लाथ मारली. ह्या वेळी दत्तानं पाय आधीच वर घेतले व्हते.

सवितानं माझ्याकडं नीट बघितलं, त्या दिवसातलं पयल्यांदा. मग विचारलं, "रस्त्यापासून तुमचं घर किती लांब?"

मामा तयारच व्हता. अर्धा तास, म्हणाला, तोपण गप्पा मारत मारत, आता गाडीचाच रस्ता होणार हाय. हा अर्धा तास मी नऊ ठिकाणी ऐकलाय. मी गप बसायचो, कारण खरं सांगितलं तर चहासुद्धा मिळणार नाय असं मामा म्हणायचा. सविता मामाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत व्हती.

"दीड तास," मी म्हटलं. "चढताना. मला. तुम्हाला दोन लागतील. पावसात जास्त, जळवा असतात."

मामानं डोळे मिटले.

"आजारी पडलं कुणी तर?"

"डोलीतनं खाली आणतो. चार जणं लागतात. गेल्या पावसाळ्यात आईला आणली."

तिनं दत्ताकडं बघितलं. मग दत्तानंच सांगितलं. आधी दोन स्थळं अशीच डोंगरातली आली व्हती. दोघांनी सांगितलं, गाडी दारात जाते. एका ठिकाणी सविता नवीन चपला घालून दोन तास चढली, पायाला फोड आले, आणि वर गेल्यावर ती माणसं म्हणाली, आता आलातच तर ठरवूनच जा. तेव्हापासून ती डोंगराचं नाव काढू देत नाय. आज आली ती डिमसमसाठीच.

मी मनात म्हटलं, चला धोंडू, दहावा चहा प्यालास, तोही बिनदुधाचा.

पण सवितानं बाईंना हाक मारली. कोळंबीची आणखी एक टोपली आणा, म्हणाली, ती माझ्यापुढं ठेवा. आणि एक गाजर-कोबीची, कांदा-लसूण नसलेली. बाईंनी विचारलं, उपास हाय काय? सविता म्हणाली, नाय, गायीसाठी हाय.

तिची टोपली आली. ह्या वेळी झाकणाला मी हात लावला नाय. तिनं ते स्वतःपासून लांब उघडलं, वाफ जाऊ दिली, एक उचलला, काळ्यात नुसता टेकवला आणि खाल्ला. डोळे मिटून. मी एवढ्या म्हशी पाळल्या, पण एवढ्या सुखानं चावणारं कुणी बघितलं नाय. हे तिला सांगावंसं वाटलं, पण तेवढी अक्कल मला दुसरीत आली व्हती. दुसरा तिनं माझ्या ताटात ठेवला. म्हणाली, हा खायचा हाय, ठेवायचा नाय. खाल्ला. पारी मऊ, आत कोळंबी कुरकुरीत, गोडसर. खारट नसताना ते एवढं चांगलं लागतं हे मला तेव्हा कळलं.

मग तिनं काड्या कशा धरायच्या ते दाखवलं. मी धरल्या, उघडझाप केली, आणि मनातलं तोंडातून गेलं. म्हटलं, म्हशीच्या गोचड्या काढायला ह्या लय बऱ्या. दत्तानं तोंडापाशी नेलेला घास खाली ठेवला. आणि सविता हसली. अशी हसली की ठसका लागला, पाणी मागवावं लागलं. मामा भिंतीवरल्या पायवाल्या सापाकडं बघत बसला व्हता.

बाहेर पडल्यावर दाराशी ती म्हणाली, "येत्या रविवारी येते मी. दत्ता असंल बरोबर. चढून बघते. जमलं तर जमलं, नाय जमलं तर तोंडावर सांगीन. आणि दुकान मी सोडणार नाय, ते आधीच ऐकून ठेवा." मी म्हटलं, दूध घालायला मीपण रोज उतरतोच. ती म्हणाली, बघू. आणि दत्ताच्या टेम्पोत बसली.

परत येताना विक्रममध्ये गायीचा घास, गाजर-कोबीचा, हातावर धरून बसलो, कागदी रुमालात गुंडाळलेला. शेजारच्यानं विचारलं, औषध हाय काय? मी म्हटलं, डिमसम हाय, गायीसाठी. त्यानंतर कुणी कायच विचारलं नाय. पोलादपूरच्या स्टँडवर मामा मला शेवटचं बोलून घेत व्हता, की तुझं लग्न दुसरं कुणी नाय, तूच मोडतोस. ते मी मान खाली घालून ऐकत असताना मागनं एक शेळी आली आणि रुमालासकट डिमसम घेऊन गेली. मामाला वाटलं मी त्याच्या बोलण्याला हसलो. तो घरी निघून गेला.

दुपार कलायला मी वाटेला लागलो. पयल्याच चढावर एक सुटा धोंडा पायाखाली हलला. ह्या धोंड्यावर मी रोज पाय देतो, पायाला म्हायती हाय तो हलतो. पण तिच्या पायाला म्हायती नाय. म्हणून थांबलो, उचलला, बाजूला टाकला. मग दुसरा दिसला. मग करवंदीची फांदी, बाईच्या पदराच्या उंचीवर आलेली. खाली उतरून पायथ्याच्या घरातनं कोयता मागून आणला, परत चढलो, तोडली. झऱ्यापाशी निसरडं व्हतं, तिथं चपटे दगड लावले. अर्ध्या वाटेत, जिथं नवीन माणसाला दम लागेल, तिथं सावलीत एक बसायचा दगड ओढला. नऊ ठिकाणी मी पोरगी बघायला गेलो, पण आमची वाट मी जन्मात बघितली नव्हती. नुसता चालत व्हतो. बघायला लागलो तर कळलं, नाय म्हणणाऱ्या घरांचं काय चुकत नव्हतं.

उन्हं डोंगरावर गेली तरी मी अर्ध्यातच. संध्याकाळच्या दुधाचे कॅन घेऊन वरनं आमच्या कोंडातला गणूदादा उतरला. मी एका मोठ्या धोंड्याला खांदा लावून रेटत व्हतो, तो हलत नव्हता, आणि शर्टाचं तिसरं बटण नुकतंच गेलं व्हतं.

"काय हरवलं रे?" त्यानं विचारलं.

"नाय. रविवारी एक बाई वर येणार हाय. बघायला."

गणूदादानं धोंड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. कॅन कडेला सावलीत ठेवले, झाकणं घट्ट केली. मग धोतर खोचून खाली बसला आणि म्हणाला, एकट्याच्यानं हा हालायचा नाय, आणि दुसऱ्या अंगानं धरला.